सज्ञान मुलांना पैसे देताना: मदत, उसने की वाटणी?

माझ्या वडिलांनी खानापूर तालुक्यातील आमच्या शेतातले दहा गुंठे विकून थोरल्या भावाला बेळगावात दुकान घालून दिले, तेव्हा भाऊ सत्तावीस वर्षांचा होता आणि त्या पैशाला कोणीही नाव दिले नाही. वडील म्हणत, पोराला पायावर उभे केले. भाऊ म्हणे, हे उसने आहेत, दुकान चालू लागले की फेडीन. निपाणीला दिलेली बहीण ती त्याची वाटणी झाली असे समजून गप्प राहिली. वडील गेल्यानंतर वाटपाला बसलो त्या दिवशी हे तिन्ही अर्थ एकदमच समोर आले, आणि त्यानंतर आम्ही भावंडे दिवाळीला एकत्र जेवलो ती सहा वर्षांनी. म्हणून सज्ञान मुलांना आईवडिलांनी पैसे द्यावेत का, हा प्रश्न मी कधीच केवळ तत्त्वाचा मानू शकलो नाही. द्यावेत की नाही याइतकेच, देताना ते कोणत्या नात्याने दिले हे महत्त्वाचे असते. हा लेख बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या आपल्या सीमाभागातील आईवडिलांसाठी आहे, ज्यांच्यापुढे नोकरी न लागलेला मुलगा, माहेरी परतलेली मुलगी किंवा पुण्यात सदनिका घ्यायला निघालेले जोडपे आज उभे आहे.

कायदा कोठवर बांधतो

अठरा वर्षे पूर्ण झाली की मूल सज्ञान होते, आणि धडधाकट सज्ञान मुलाला पोसण्याची सर्वसाधारण सक्ती कायदा आईवडिलांवर करत नाही. आपल्या घरांत हे पहिल्यांदा ऐकताना कठोर वाटते, कारण आपल्याकडे मुलाचे लग्न होऊन त्याला मूल होईपर्यंत त्याचे कपडेलत्ते बापाच्याच खिशातून जातात. पण सक्ती नाही हे आधी माहीत असले म्हणजे पुढचा प्रत्येक रुपया आपण स्वतःच्या निर्णयाने देतो आहोत याची जाणीव राहते.

या नियमाला अपवाद आहेत आणि ते नीट समजून घेतले पाहिजेत. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ च्या कलम २० प्रमाणे अविवाहित मुलगी स्वतःच्या कमाईतून किंवा मालमत्तेतून स्वतःचा निर्वाह करू शकत नसेल, तर ती सज्ञान झाल्यानंतरही तिला पोसण्याची जबाबदारी आईवडिलांवर राहते, आणि त्या कायद्याच्या व्याख्येप्रमाणे अविवाहित मुलीच्या निर्वाहात तिच्या लग्नाचा वाजवी खर्चही येतो. (वाजवी खर्च म्हणजे हुंडा नव्हे, हुंडा देणे-घेणे १९६१ पासून गुन्हा आहे.) हा कायदा जैन, बौद्ध आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे, आणि लिंगायत कुटुंबेही त्याच्या कक्षेत येतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये एका प्रकरणात स्पष्ट केले की अविवाहित सज्ञान मुलीचा हा हक्क या १९५६ च्या कायद्याखाली मागता येतो, फौजदारी प्रक्रियेखाली मात्र नाही. दुसरा अपवाद सर्व धर्मांच्या कुटुंबांना लागू आहे: शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळे अथवा इजेमुळे जे सज्ञान अपत्य स्वतःला पोसू शकत नाही, त्याच्यासाठी पोटगीचा आदेश न्यायालय देऊ शकते. ही तरतूद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. विवाहित मुलीला मात्र ती लागू नाही.

शिक्षणाबाबत न्यायालयांचा कल थोडा पुढे गेला आहे. विभक्त झालेल्या आईवडिलांच्या, कर्नाटकातीलच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये असे म्हटले की आजच्या काळात पहिली पदवी अठराव्या वर्षानंतरच पूर्ण होते, त्यामुळे मुलाचा खर्च केवळ अठराव्या वर्षापर्यंत देऊन भागणार नाही. हा निर्णय पोटगीच्या वादातला आहे. एकत्र राहणाऱ्या घरांतील प्रत्येक बापावर त्याने बोजा टाकलेला नाही. पण पहिल्या पदवीपर्यंतचा खर्च ही समाजमान्य मर्यादा आहे, एवढे त्यातून दिसते, आणि मला ती मर्यादा पटते.

घराबाबतही लोकांचा गैरसमज असतो. आईवडिलांनी स्वतःच्या कमाईने बांधलेल्या घरात सज्ञान मुलाला राहण्याचा हक्क आहे, असे पुष्कळ मुलांना वाटते. तसा हक्क नाही, तो त्यांच्या मर्जीने राहतो, हे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितले आहे. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची जमीन ही मात्र वेगळी गोष्ट आहे. त्या जमिनीतील हिस्सा ही बापाने केलेली मदत नव्हे, तो मुलाचा आणि मुलीचा जन्माने आलेला हक्क आहे. कर्नाटकाने मुलींना हा हक्क १९९४ मध्येच दिला होता, त्यात तेव्हा लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो सर्वच मुलींना मिळाला आणि २०२० च्या निकालाने, २००५ मध्ये वडील हयात नसले तरी तो लागू होतो, हेही ठरले. म्हणून देण्याचा विचार सुरू करण्यापूर्वी पहाणीचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा, जुना-नवा उतारा काढून कोणती जमीन आजोबांकडून आली आणि कोणती स्वतः विकत घेतली, हे दोन वेगळ्या कागदांवर लिहून काढावे. पहिल्या कागदावरच्या जमिनीतून एका मुलाला परस्पर काही देण्याचा अधिकार वडिलांना जवळजवळ नाहीच.

सक्ती नसलेले, तरीही आपले देणे

कायदा संपतो तेथे सगळे संपत नाही, असे मला मनापासून वाटते. चार प्रसंगी आईवडिलांनी देणे लागते, असे माझे मत आहे, मग न्यायालय काहीही म्हणो.

दहावीनंतर आपणच ज्या अभ्यासक्रमाला घातले, तो पूर्ण होईपर्यंतचा खर्च हा दिलेला शब्द आहे. मुलगा सज्ञान झाला म्हणून तो शब्द मधेच मागे घेता येत नाही.

नवरा वारलेल्या किंवा नवऱ्याने टाकलेल्या मुलीला आधार देताना तिला उपकाराच्या पायरीवर बसवू नये. तिचा हक्क सासरीही आहे. विधवा सुनेचा निर्वाह सासऱ्याने त्याच्या ताब्यातील एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतून करावा, असे १९५६ च्या कायद्याचे कलम १९ सांगते, आणि तो हक्क मागण्यासाठी तिला वकील व पैसे लागतील. आईवडिलांनी तिला खर्चासाठी महिन्याला काही देण्याइतकेच, तो हक्क मिळवून देण्यासाठी एकदाच करावा लागणारा खर्च उचलणे महत्त्वाचे आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, विनामूल्य वकील मिळतो. त्याची चौकशी १५१०० या क्रमांकावर करता येते.

तिसरा प्रसंग अपंग अपत्याचा आहे, आणि तेथे पैशाच्या आधी कागद तयार करावे लागतात. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व किंवा बहुविकलांगता असलेले मूल अठरा वर्षांचे झाले की आईवडील आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडून पालकत्व घ्यावे लागते. आपल्या भागात माजी सैनिकांची घरे पुष्कळ आहेत, मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्रच बेळगावात आहे. त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे की कमावू न शकणाऱ्या अपंग अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन आयुष्यभर मिळू शकते, पण त्या अपत्याचे नाव व वैद्यकीय प्रमाणपत्र आईवडील हयात असतानाच नोंदवून ठेवले तर पुढचा त्रास वाचतो. अवलंबून असलेल्या अविवाहित, विधवा आणि घटस्फोटित मुलींबाबतही हीच काळजी घ्यावी.

चौथा प्रसंग सर्वांत दुर्लक्षित राहतो. बेळगावातील वडगाव-शहापूरच्या विणकामाच्या मागावर, उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या घरच्या वर्कशॉपमध्ये किंवा शेतावर जो मुलगा अठराव्या वर्षापासून बिनपगारी राबतो, त्याला आपण पोसतो असे म्हणणे खोटे आहे. बाहेरच्या माणसाला त्या कामासाठी जी मजुरी द्यावी लागली असती ती त्याची आहे. महिन्याला ठरावीक रक्कम त्याच्या स्वतःच्या खात्यावर जमा करावी आणि तिला पगार असेच म्हणावे. नोकरदार भाऊ पुण्याहून येऊन वाटणी मागतो तेव्हा घरी राबलेल्या भावाजवळ दाखवायला एक कागदही नसतो, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. आजारी सासू-सासऱ्यांची सेवा करणारी सून आणि लग्न न करता आईला सांभाळणारी मुलगी यांनाही हेच लागू आहे.

याउलट, लग्नाचा थाट, हिशेब न दाखवणाऱ्या धंद्यातील पुढची भर, ऑनलाइन जुगारातील कर्ज, हे आईवडिलांचे देणे नाही. मुलगा फारच अडचणीत असेल आणि द्यायचेच ठरले, तर रक्कम त्याच्या हातात न देता थेट ज्याचे देणे आहे त्याच्या खात्यावर भरून पावती घ्यावी.

आधी स्वतःचा हिशेब

मुलाचा आकडा ऐकण्यापूर्वी स्वतःचा आकडा काढावा. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्यांना हे सोपे जाते. समजा, महिन्याला २८,००० रुपये येतात, घरखर्चाला १९,००० आणि औषधांना ३,००० लागतात, उरतात ६,०००. एका वर्षाचा घरखर्च आणि औषधे, म्हणजे २,६४,००० रुपये, हात न लावण्याच्या ठेवीत बाजूला असतील, तरच त्या ६,००० मधून काही देण्याचा विचार करावा. ती ठेव नसेल तर आधी ती करावी, आणि मुलाला तसे मोकळेपणाने सांगावे.

शेतकऱ्याचा हिशेब महिन्यावर चालत नाही, तो उसाच्या बिलावर किंवा तंबाखूच्या पट्टीवर चालतो. त्यांनी वर्षाचा हिशेब मांडावा: सोसायटीचे पीककर्ज, बी-खत, पुढच्या हंगामाची मजुरी आणि घरचा वर्षाचा खर्च काढून जे उरते, तेवढेच देण्याजोगे. बिल जमा झाले त्या आठवड्यात मुलाला शब्द देऊ नये, कारण त्या आठवड्यात प्रत्येक बाप श्रीमंत असतो. पिग्मीत रोज भरलेले पैसे आणि आईच्या भिशीची पाळी यांनाही घरात कोणी मोजत नाही. ते आईचे आहेत, त्यावर घरातील कोणीही परस्पर शब्द देऊ नये. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे २,००० रुपयेही तिच्याच खात्यात राहावेत. आईच्या त्या पैशातून मुलाच्या मोबाइलचा हप्ता जातो, आणि ती स्वतःच्या चष्म्यासाठी मुलाकडे मागते, असे होऊ देऊ नये.

पैशाला नाव द्या

सज्ञान मुलाला द्यायची प्रत्येक मोठी रक्कम तीनपैकी एका खान्यात बसवावी: मदत, उसने किंवा वाटणीपोटी. परत मागायचे नाही आणि इतर भावंडांच्या हिशेबातही धरायचे नाही ते मदत. परत यायचे ते उसने. मागे राहणाऱ्या इस्टेटीतून वजा करायचे ते वाटणीपोटी. मोठी रक्कम म्हणजे किती, हे प्रत्येक घराने ठरवावे. महिन्याच्या घरखर्चाहून जास्त असेल ती मोठी, असा माझा साधा ठोकताळा आहे.

यासाठी एक जाड बांधणीची वही करावी. तारीख, रक्कम, कोणाला, कशासाठी, कोणत्या नावाने, आणि पुढे घेणाऱ्याची सही. ती सही घेताना अवघडल्यासारखे होते, हे खरे. पण ही वही अविश्वासाची नाही, ती आपल्या पश्चात भावंडांमध्ये उभे राहणाऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे, असे मुलाला सांगितले की बहुतेक मुले समजून घेतात. वही कोठे ठेवली आहे ते सगळ्या मुलांना, लग्न झालेल्या मुलींनासुद्धा, माहीत असावे. आमच्या घरी ही वही वडिलांच्या पश्चात सुरू झाली. तिच्यातली पहिली नोंद त्या दहा गुंठ्यांची आहे. रकमेपुढे भावाने स्वतःच्या हाताने 'वाटणीपोटी' असे लिहिले आणि खाली बहिणीने सही केली.

उसने दिलेल्या पैशांसाठी वही पुरत नाही. वचनचिठ्ठी लिहून घ्यावी, तीत रक्कम, फेडीची मुदत आणि व्याज असल्यास त्याचा दर असावा. अशा पैशांसाठी दावा करण्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते, म्हणून मुदत संपण्यापूर्वी मुलाकडून बाकी रकमेची लेखी कबुली घ्यावी. मुलावर कोणी दावा करणार नाही, हे मलाही कळते; पण मुलगा अपघातात गेला आणि सुनेला किंवा तिच्या माहेरच्यांना हे पैसे उसने होते हे पटवावे लागले, तर त्या कागदाखेरीज आधार नसतो.

पैसे बँकेतूनच द्यावेत. आईवडिलांनी मुलाला दिलेल्या देणगीवर मुलाला आयकर पडत नाही, परंतु एका दिवशी एका व्यक्तीकडून २ लाख किंवा त्याहून अधिक रोख घेणे आयकर कायद्याने मना आहे, आणि २०,००० किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने उसनी घेण्यावरही बंदी आहे. दोघांचेही उत्पन्न केवळ शेतीचे असेल तर या दुसऱ्या नियमातून सूट आहे. सुनेच्या नावाने ठेव करून दिली, तर त्या ठेवीचे व्याज सासऱ्याच्याच उत्पन्नात धरले जाते, हे पुष्कळांना नोटीस आल्यावर कळते. सज्ञान मुलाच्या किंवा मुलीच्या नावाने दिल्यास तसे होत नाही.

शिक्षणासाठी पैसे द्यायचे असतील तर माझा सल्ला थोडा वेगळा आहे. शेत विकू नये, मुलालाच शैक्षणिक कर्ज काढू द्यावे आणि आपण शिक्षण चालू असतानाचे व्याज भरावे. ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागत नाहीत. आईवडील सहकर्जदार असतात. मुद्दलाची फेड शिक्षण संपल्यानंतर साधारण वर्षभराने सुरू होते, व्याज मात्र पैसे उचलल्या दिवसापासून चढते. समजा, चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दर वर्षाच्या सुरुवातीला १ लाख रुपये १० टक्क्यांनी उचलले, तर पहिल्या वर्षी १०,०००, दुसऱ्या वर्षी २०,०००, तिसऱ्या वर्षी ३०,००० आणि चौथ्या वर्षी ४०,००० व्याज होते. सवलतीच्या पाचव्या वर्षी आणखी ४०,०००. म्हणजे महिन्याला सुमारे ८३० रुपयांपासून सुमारे ३,३०० रुपयांपर्यंत. एवढी मदत पुष्कळ घरांना झेपते, आणि मुलगा नोकरीला लागताना ४ लाखांचे मुद्दलच त्याच्यापुढे असते, चढलेले व्याज नसते. फेडीची जबाबदारी त्याची राहिल्याने शिक्षणाकडे पाहण्याची त्याची नजरही बदलते.

स्पर्धा परीक्षांचे प्रकरण आपल्या भागात अधिक लांबते. धारवाडला वर्ग लावायचा की पुण्याला, कर्नाटकाची परीक्षा द्यायची तर कन्नडचा सक्तीचा पेपर, महाराष्ट्राची द्यायची तर रहिवासाच्या दाखल्यांची धावपळ. यात मुलाची दोन-तीन वर्षे नुसती दिशा ठरवण्यात जातात आणि पाहता पाहता तो तिशीला पोहोचतो. अशा मुलाला पैसे देणे बंद करा, असे मी म्हणणार नाही. पण सुरुवातीलाच प्रयत्नांची संख्या आणि शेवटची तारीख ठरवून वहीत लिहावी, आणि दुसऱ्या वर्षापासून खर्चाचा काही भाग त्याने शिकवण्या घेऊन किंवा अर्धवेळ काम करून उचलावा, अशी अट घालावी. अटींत बसणाऱ्या बेरोजगार पदवीधराला कर्नाटक सरकारच्या युवा निधीतून महिन्याला ३,००० आणि पदविकाधारकाला १,५०० रुपये जास्तीत जास्त दोन वर्षे मिळतात. त्यासाठी अर्ज मुलानेच करावा आणि ते पैसे आधी वर्गाच्या शुल्काला लावावेत.

सही करण्यापूर्वी

रोख देण्यापेक्षा सहीने दिलेले जास्त धोक्याचे असते, कारण तेव्हा खिशातून काहीच जात नाही. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, हे भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम १२८ सांगते. बँकेला किंवा पतसंस्थेला आधी मुलाच्या मागे लागून मगच बापाकडे यावे लागते, ही समजूत चुकीची आहे. मुलाच्या गाडीसाठी किंवा दुकानासाठी जामीन राहण्याऐवजी, आपल्या मुदत ठेवीवर त्याला कर्ज काढून देणे अधिक सुरक्षित आहे. त्यात मुलाने हप्ते बुडवले तरी नुकसान त्या ठेवीपुरते राहते. जामिनात ते घरापर्यंत पोहोचू शकते. आईचे दागिने तारण ठेवायचे झाल्यास कर्ज कोणाच्या नावावर आहे, मुदत कधी संपते आणि लिलावाची सूचना कोणत्या पत्त्यावर येणार, हे आईला स्वतःला माहीत असले पाहिजे.

आता सीमाभागातील सर्वांत नाजूक गोष्ट. आपल्याकडे साठीच्या पुढच्या पुष्कळ स्त्री-पुरुषांचे शिक्षण मराठीत झाले आहे, आणि नोंदणी कार्यालयातील दस्त, पहाणी, फेरफाराच्या नोटिसा कन्नडमध्ये असतात. मुलगा कन्नड वाचतो, म्हणून सगळे कागद तोच करतो. ज्याला मिळायचे आहे तोच वाचणारा, आणि ज्याचे जायचे आहे त्याला अक्षर कळत नाही, अशा स्थितीत बक्षीसपत्रावर अंगठा किंवा सही होते. मुलगा लबाड असतो, असे माझे म्हणणे नाही. बहुतेक वेळा त्यालाही दस्तलेखकाने काय टंकलिहिले ते पूर्ण ठाऊक नसते. म्हणून दस्ताचा मसुदा चार दिवस आधी घरी मागवावा, ज्याला त्यात काही मिळायचे नाही अशा कन्नड जाणणाऱ्या माणसाकडून तो ओळ न ओळ मराठीत वाचून घ्यावा, आणि सर्व्हे क्रमांक, क्षेत्र व चतुःसीमा यांची पहाणीशी ताडणी करावी. नावेही पाहावीत. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरे आणि पहाणीत कन्नड वळणाने तिसरे, अशी एकाच माणसाची तीन नावे असणे आपल्याकडे नित्याचे आहे, आणि त्याचा त्रास पुढे सर्व वारसांना होतो.

बक्षीसपत्र एकदा नोंदले की ते सहजासहजी मागे घेता येत नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ च्या कलम २३ प्रमाणे, घेणाऱ्याने देणाऱ्याच्या मूलभूत गरजा पुरवाव्यात या अटीवर मालमत्ता दिली असेल आणि त्याने त्या पुरवल्या नाहीत, तर न्यायाधिकरण ते हस्तांतर रद्द ठरवू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ती अट असणे आवश्यक मानले. जानेवारी २०२५ च्या निकालात हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचला. आपण मात्र न्यायालयाच्या उदारतेवर विसंबू नये. निर्वाह, औषधोपचार आणि त्याच घरात राहण्याचा हक्क, या तिन्ही गोष्टी दस्तातच स्पष्ट शब्दांत लिहून घ्याव्यात, आणि त्या कन्नडमध्ये नेमक्या उतरल्या आहेत का ते वाचून घेतल्याशिवाय सही करू नये. मुलगा किंवा सून या अटीने दुखावले गेले, तर सही पुढे ढकलावी.

माझे स्वतःचे मत असे आहे की हयातीत घर नावावर करूच नये, मृत्युपत्र करावे. ते केव्हाही बदलता येते, मराठीत लिहिले तरी वैध असते, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात आणि नोंदणी ऐच्छिक आहे, तरी केलेली बरी. ज्याला लाभ मिळणार आहे तो साक्षीदार नसावा. वहीतील 'वाटणीपोटी' दिलेल्या रकमांचा उल्लेख मृत्युपत्रात करावा, म्हणजे दुकान मिळालेल्या भावाचा वाटा कमी का, हे तिथेच लिहिलेले सापडते.

नाही म्हणताना, आणि उलट वेळ आल्यास

नाही म्हणायचे असेल तर नवरा-बायकोने आधी आपसात एकमत करावे. वडील नाही म्हणाले आणि आईने डब्यातून दिले, की त्या घरात पुढचा कोणताही नियम टिकत नाही. पैसे नाकारताना दुसरे काही देता येते का ते पाहावे: सहा महिने घरी राहण्याची सोय, नातवंडांना सांभाळणे, ओळखीच्या वर्कशॉपमध्ये शब्द टाकणे. आणि मुलाला सुनेसमोर किंवा मुलीला जावयासमोर नाही म्हणू नये. ते एकट्याशी, बसून सांगावे.

दिल्यानंतर आपल्यावरच हात पसरण्याची वेळ आली, तर लाज बाळगून बसू नये. स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या आईवडिलांना सज्ञान मुलगे, मुली आणि नातवंडे यांच्याकडून निर्वाहखर्च मागण्याचा हक्क २००७ च्या कायद्याने दिला आहे. त्या कायद्यात महिन्याला १०,००० रुपयांपर्यंतची मर्यादा आहे. आईवडिलांना त्यासाठी साठ वर्षे पूर्ण असण्याचीही अट नाही. अर्ज उपविभागाच्या असिस्टंट कमिशनरांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे करावा लागतो. बेळगाव जिल्ह्यात बेळगाव, चिकोडी आणि बैलहोंगल असे तीन उपविभाग आहेत, आणि आपला तालुका ज्या उपविभागात येतो तेथे जावे. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निर्णय व्हावा, असे कायदा सांगतो. कोठून सुरुवात करावी हे कळत नसेल तर ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या क्रमांकावर विचारता येते. अर्जासोबत बक्षीसपत्राची प्रत, पहाणीचा उतारा, बँकेच्या पासबुकाच्या प्रती, औषधांची बिले आणि ती वही जोडावी.